दिवटीच्या उजेडात चालणारी लेन्स

लग्नानंतरचा गोंधळ रात्री जेवणं आटोपल्यावरच उभा राहतो. जुन्या वाड्याच्या चौकात पाट मांडलेला असतो, त्यावर नवा खण, तांदूळ आणि कलश, भोवती उसाचा नाहीतर ज्वारीच्या ताटांचा मांडव. संबळ घुमायला लागतो, तुणतुणं सूर धरतं आणि दिवटी पेटते. तुळजापूरच्या आईचे कदमराई गोंधळी आख्यान लावतात. त्यांचा नायक कधी पाटाजवळ असतो, तर कधी दोन ढांगांत थेट कॅमेऱ्यासमोर येतो. बुधलीतलं तेल पडलं की ज्योत उसळते आणि पुन्हा बसते.

हे सगळं टिपायला उभ्या असलेल्या पोराची अडचण तिहेरी असते. चौक पंधरा फुटांचा आणि पाठीशी भिंत, त्यामुळे मागे सरकता येत नाही. उजेड दिवटीचा आणि ओसरीवरच्या एका बल्बचा. आणि समोरचा माणूस एका जागी ठरत नाही. रुंदी, उजेड आणि फोकस या तिन्ही गोष्टी त्याला एकाच लेन्समध्ये हव्या असतात, आणि त्याही सोयाबीनच्या पट्टीतून घरी दिल्यावर जे उरेल तेवढ्या पैशांत.

धाराशिव जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग करणारी, तालुक्याच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवणारी, नळदुर्ग-परंड्याच्या किल्ल्यांवर व्हिडिओ बनवणारी बरीच पोरं आता दिसतात. लेन्स घ्यायची वेळ आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठली चांगली?’ मी त्यांना उलट विचारतो की तू उभा कुठे राहणार आहेस? लेन्सची निवड दुकानात होत नाही, ती तिथे होते जिथे आपण तिपाई टेकवणार असतो. म्हणून आधी खोली मोजावी.

हिशेब सोपा आहे. सेन्सरची रुंदी भागिले लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, आणि त्याला गुणिले समोरच्या माणसापर्यंतचं अंतर. उत्तर येतं ती फ्रेममध्ये मावणारी रुंदी. परवडणाऱ्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. सोनीत तो सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद, कॅननमध्ये थोडा कमी. आता हळदीची खोली घ्या, दहा बाय बाराची. भिंतीला पाठ लावून दहा फुटांवरून ५० मिमीची लेन्स लावली तर जेमतेम पावणेपाच फूट मावतं. नवरी दिसेल, हळद लावणाऱ्या बायका कापल्या जातील. २४ मिमीला पावणेदहा फूट, १६ मिमीला साडेचौदा फुटांहून थोडं जास्त आणि ११ मिमीला एकवीस फूट.

नवशिके पहिली लेन्स म्हणून बहुधा ५० मिमी एफ १.८ घेतात. ती स्वस्त आहे, तिच्यात चेहरा सुंदर येतो, मागचं धूसर होतं. मोकळ्या रानात प्रीवेडिंग करायला ती उत्तम. पण आपली घरं, आपले चौक, आपल्या देवळांचे सभामंडप तिच्या मापाचे नाहीत. या जिल्ह्यातल्या कामासाठी सोळाच्या आसपासची लेन्स आधी आणि पन्नासची नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे.

या हिशेबात एक खाच आहे आणि तिथे पुष्कळजण फसतात. काही कॅमेरे व्हिडिओ घेताना सेन्सरची पूर्ण रुंदी वापरत नाहीत. २०२१ मध्ये आलेला सोनी झेडव्ही-ई१० हा नवशिक्यांचा आवडता कॅमेरा. त्यात फोरके व्हिडिओ ३० फ्रेमवर लावला की चित्र सुमारे १.२३ पट कापलं जातं. १६ मिमीची साडेचौदा फुटांची रुंदी मग बारा फुटांवर येते. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक स्थिरता चालू केली की आणखी कापलं जातं. तोच कॅमेरा २५ फ्रेमवर लावला तर पूर्ण रुंदी मिळते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. २५ फ्रेम आणि सेकंदाचा पन्नासावा भाग एवढा शटर ठेवला की मांडवातल्या ट्यूब आणि साधे दिवे चित्रात लपलप करत नाहीत. एक पैसा खर्च न करता रुंदीही वाढते आणि लुकलुकही जाते. नवी लेन्स घेण्याआधी एवढं करून बघावं.

आता उजेड. धाराशिवच्या लेण्यांत आत गेलं की खांबांमागचा अंधार डोळ्यांना सवय होईपर्यंत काही दाखवत नाही. फोटो काढणाऱ्याला तिथे फारशी अडचण नसते. कॅमेरा तिपाईवर ठेवून तो शटर दोन सेकंद उघडा ठेवतो, अंधारातूनही उजेड हळूहळू गोळा होतो. व्हिडिओला ही सवलत नाही. सेकंदाला २५ चित्रं घ्यायची तर एका चित्राला सेकंदाच्या पंचविसाव्या भागापेक्षा जास्त वेळ देताच येत नाही, आणि हालचाल नीट दिसावी म्हणून त्याच्याही अर्धा देतात. वेळ वाढवता येत नाही, मग भोक मोठं हवं.

एफचा आकडा हेच भोक सांगतो. नाभीय अंतर भागिले लेन्समधून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास म्हणजे एफ. आकडा लहान, छिद्र मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १६-५० मिमीची किट लेन्स सोळावर एफ ३.५ असते. म्हणजे छिद्र साडेचार मिलिमीटर, टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढं. १६ मिमी एफ १.४ च्या लेन्सचं छिद्र साडेअकरा मिलिमीटर, मोठ्या काबुली चण्यापेक्षाही जरा मोठं. व्यास अडीचपट, पण उजेड येतो क्षेत्रफळातून, म्हणून तो सहापटीहून जास्त. किट लेन्सने जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० लावून चित्रात वाळू पसरते, तिथे ही लेन्स १००० च्या आसपास भागवते. रुंदी दोघींचीही सारखीच आहे. जास्तीचे पैसे आपण या छिद्राचे मोजतो.

दिवटीच्या उजेडात चित्रीकरण करायचा प्रश्न सिनेमावाल्यांनाही पडला होता. स्टॅनली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधले रात्रीचे काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले. त्यासाठी त्याने झाइस कंपनीच्या ५० मिमी एफ ०.७ लेन्स मिळवल्या. या लेन्स मुळात नासाच्या चांद्रमोहिमांसाठी बनवलेल्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. छिद्राचा व्यास सात सेंटिमीटरहून जास्त. उजेडाचा प्रश्न सुटला, पण लगेच दुसरा उभा राहिला, खोलीभर माणसं दाखवायला ५० मिमी अरुंद पडू लागली. मग पुढे एक जोड बसवून तिची रुंदी वाढवावी लागली. तिसरा प्रश्न फोकसचा. एवढ्या मोठ्या छिद्राला फोकसची खोली इतकी कमी, की नट थोडा पुढे झुकला तरी धूसर व्हायचा. फोकस सांभाळणाऱ्या डग मिल्सम यांनी नटाच्या बाजूने, काटकोनात एक व्हिडिओ कॅमेरा लावला आणि त्याच्या पडद्यावर नट किती पुढे-मागे झाला ते बघत फोकस फिरवला. रुंदी, उजेड, फोकस. वाड्याच्या चौकातल्या पोराच्या अडचणी आणि कुब्रिकच्या अडचणी त्याच होत्या. या चित्रपटाच्या छायालेखनासाठी जॉन अल्कॉट यांना ऑस्कर मिळालं.

आता यातला हिशेब बघा, मला तो फार आनंद देतो. कुब्रिकची फिल्म १०० एएसएची, म्हणजे आजच्या आयएसओ १०० ची होती, धुताना ताणून ती २०० ची केलेली. एफ ०.७ च्या तुलनेत एफ १.४ मधून एक चतुर्थांश उजेड येतो. म्हणजे आपण एफ १.४ लावून आयएसओ २०० च्या चौपट, ८०० ठेवलं की हिशेब बरोबर जुळतो. आणि ८०० वर आजचा साधा कॅमेराही स्वच्छ चित्र देतो. मेणबत्त्यांच्या खोलीसाठी ज्याला चंद्राकडे निघालेली लेन्स शोधावी लागली, ते काम उमरग्याचं पोर चारशे ग्रॅमच्या लेन्सवर करू शकतं.

फोकसचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे अर्धवट माहितीवर पैसे जातात. रुंद लेन्सला फोकसची खोली मुळातच जास्त असते. प्रत्येक लेन्सचं एक अंतर असतं, तिथे फोकस ठेवला की त्याच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याला हायपरफोकल अंतर म्हणतात. ढोबळ हिशेबाने ११ मिमी एफ १.८ ला ते साडेतीन मीटरच्या थोडं अलीकडे येतं. म्हणजे पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट, आणि ऑटोफोकस बंद ठेवला तरी चालतं. १६ मिमी एफ १.४ ला तेच अंतर नऊ मीटर, म्हणजे साडेचार मीटरच्या अलीकडे आलेला गोंधळी धूसर. तीच लेन्स एफ २.८ वर आणली की सव्वादोन मीटरपासून पुढे स्पष्ट. फोरकेच्या मोठ्या पडद्यासाठी हे आकडे आणखी कडक धरावेत.

म्हणून जो फक्त मिरवणूक, जत्रा, किल्ला लांबून घेतो त्याला ऑटोफोकसची एवढी ओढ नको. एकदा फोकस लावून तो निवांत राहू शकतो आणि हाताने फोकस करायच्या स्वस्त लेन्सवर त्याचं काम भागतं. पण हातात कॅमेरा धरून स्वतःचाच चेहरा घेणाऱ्याचं तसं नाही. चेहरा साठ सेंटिमीटरवर, लेन्स १६ मिमी, एफ १.४ उघडं, अशा वेळी स्पष्ट पट्टा जेमतेम आठ सेंटिमीटरचा. डोळे लख्ख, कान धूसर, आणि मान मागे घेतली की डोळेही गेले. चौकात समोर येणाऱ्या नायकाचंही तेच. इथे ऑटोफोकस लागतोच, आणि तो चांगलाच लागतो.

चांगला म्हणजे कसा? फोटोसाठी झटकन जागेवर बसणारा फोकस हवा, व्हिडिओसाठी सरकत, न अडखळता आणि बिनआवाज जाणारा. जुन्या डीएसएलआर लेन्सच्या मोटरी फोटोसाठी बनलेल्या. त्या कर्र करतात, लक्ष्याच्या पुढे जाऊन मागे येतात, आणि संबळ थांबून नायक हलक्या आवाजात बोलायला लागला की तो आवाज थेट माइकमध्ये येतो. नव्या लेन्समध्ये स्टेपिंग किंवा लिनियर मोटर असते, ती शांत चालते. उजेड जास्त आला की कॅमेऱ्याच्या फोकसलाही दिसतं जास्त. किती अंधारापर्यंत फोकस चालेल याचे जे आकडे कंपन्या देतात, ते बहुधा एफ २ सारखी उजेडाची लेन्स गृहीत धरूनच दिलेले असतात. किट लेन्सवर कॅमेरा अंधारात चाचपडतो तेव्हा दोष पूर्ण कॅमेऱ्याचा नसतो.

दुकानात लेन्स हातात आली की एवढं करावं. छिद्र पूर्ण उघडावं, कॅमेरा टेबलावर ठेवावा, रेकॉर्डिंग चालू करून स्वतः दाराकडून कॅमेऱ्याकडे चालत यावं. मग घरी नव्हे, तिथेच मोठ्या पडद्यावर बघावं. चेहरा सुटतो का, फोकस धडधडतो का, आवाज येतो का. आणखी एक बघायचं. फोकस जवळून लांब जाताना चित्र आत-बाहेर झाल्यासारखं दिसतं का? त्याला ब्रीदिंग म्हणतात, फोटोत ते कळत नाही, व्हिडिओत डोळ्यांना खुपतं. आणि दिवटीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, ज्योत चेहऱ्याच्या आड आली की फोकस ज्योतीवर उडी मारतो. फोकस बदलण्याचा वेग सेटिंगमध्ये थोडा मंद ठेवला की तो तेवढा वेळ चेहऱ्यावर टिकतो.

प्रत्यक्ष लेन्सच्या नावांवर यायचं तर सिग्माची १६ मिमी एफ १.४ ही २०१७ पासूनची विश्वासू लेन्स. सोनी ई, फूजी एक्स, निकॉन झेड अशा माउंटसाठी मिळते, जोडावर धूळ अडवणारी रबरी कड आहे, फोकस शांत आहे. वजन ४०५ ग्रॅम. बॅटरीसह झेडव्ही-ई१० भरतो ३४३ ग्रॅम, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा लेन्स जड, आणि कॅमेरा स्थिर धरणाऱ्या लहान गिंबलवर तोल साधताना ते जाणवतं. व्हिल्ट्रॉक्सची १३ मिमी एफ १.४ आणखी रुंद आणि तितकीच जड. सोनीची ११ मिमी एफ १.८ फक्त १८१ ग्रॅमची, २०२२ मध्ये आलेली, हातात धरून बोलणाऱ्यासाठी आणि गिंबलसाठी मला ती सगळ्यांत योग्य वाटते, मात्र किंमत सिग्मापेक्षा वर जाते. सॅमयांगची १२ मिमी एफ २ रुंदीत व्हिल्ट्रॉक्स आणि सोनी यांच्या मधली.

कॅननवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. कॅननने आरएफ माउंटचा ऑटोफोकस बाहेरच्या कंपन्यांसाठी अनेक वर्षं जवळजवळ बंदच ठेवला होता. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी आरएफच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी लेन्स जाहीर केल्या आणि तीच सिग्मा १६ मिमी त्यात आली. कॅननची स्वतःची आरएफ १६ मिमी एफ २.८ खूप स्वस्त आणि १६५ ग्रॅमची आहे. जुना डीएसएलआर असेल तर ईएफ-एस १०-१८ मिमी रुंद आहे, फोकस शांत आहे, पण एफ ४.५ पासून सुरू होते, रात्रीच्या कामाची नाही. टोकिनाची ११-१६ मिमी एफ २.८ उजेडाची आहे, पण तिची मोटर आवाज करते. फोकस एकदा लावून सोडणाऱ्याने ती सेकंडहँड घ्यायला हरकत नाही.

जितकी रुंद तितकी बरी, असंही मानू नये. सरळ रेषा सरळ दाखवणारी रुंद लेन्स कडेच्या गोष्टी ताणते. फ्रेमच्या टोकाला उभ्या माणसाचं डोकं १६ मिमीवर सुमारे पाव पट आडवं ताणलं जातं, ११ मिमीवर जवळजवळ दीडपट रुंद होतं. तेरच्या त्रिविक्रम मंदिराच्या विटांच्या भिंतीला त्याने काही बिघडत नाही, उलट गजपृष्ठाकार छप्पर आतून भव्य वाटतं. पण नवरीच्या मावशीला ते सोसवत नाही. वर्षानुवर्षं ती कॅसेट, आता पेनड्राइव्ह, घरात राहतो, आणि प्रत्येक वेळी ती स्वतःला तशी बघते. ज्याला माणसं घ्यायची आहेत त्याने अकराच्या मोहात न पडता सोळावर थांबावं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना फ्रेमच्या मधल्या भागात ठेवावं.

दिवसाच्या कामात याच मोठ्या छिद्राची अडचण होते. नळदुर्गला बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधला गेला. आत गारवा आणि अंधार, बाहेर पाण्यावर चमकणारं ऊन. बाहेर पडल्यावर आयएसओ १००, शटर पन्नासावा भाग आणि एफ १.४ ठेवलं तर भर उन्हात गरजेच्या अडीचशे पट उजेड आत येतो. म्हणून लेन्सच्या तोंडावर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर लागतो. फिरवून कमी-जास्त होणारा स्वस्त एनडी रुंद लेन्सवर पूर्ण फिरवला की आकाशात काळी फुली उमटते. या कामाला ठरावीक घनतेचा फिल्टर बरा. तो लेन्सच्या तोंडाच्या मापाने घ्यावा लागतो. सिग्माचं तोंड ६७ मिमी, सोनी ११ मिमीचं ५५, कॅनन आरएफ १६ मिमीचं ४३. लेन्सच्या बजेटमध्ये फिल्टरचे पैसे आधीच धरावेत, नाहीतर याच बांधावरचे नर-मादी धबधबे सुरू झाल्यावर ऐन पावसाळ्यात पळापळ होते.

सेकंडहँड घ्यायला मी कधीच ना म्हणत नाही. लेन्स जपली तर वीस वर्षंही टिकते. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून इथे वापरलेल्या लेन्सला बुरशी कमी आणि धूळ जास्त. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये मात्र मोबाइलची बॅटरी लावून आरपार बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्यावी. दोन-चार धुळीचे कण चित्रात दिसत नाहीत, त्यासाठी भाव पाडावा, लेन्स नाकारू नये. एकदा मी घाईत मोटर न ऐकता एक लेन्स घेतली आणि अख्ख्या लग्नात मंगलाष्टकांच्या मागे तिची कर्र ऐकली. तेव्हापासून कान लेन्सला लावल्याशिवाय पैसे देत नाही. शक्य असेल तर सोलापूर, लातूर किंवा पुण्याहून एक दिवस भाड्याने आणून खऱ्या कामावर चालवावी आणि मगच विकत घ्यावी.

तुळजापूरला दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होतं. मंदिराच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेता येत नाही, पण बाहेर आवारात ‘आई राजा उदो उदो’चा घोष आणि कुंकवाची उधळण सुरू झाली की माणूस माणसाला चिकटून उभा असतो. मागे सरकायला हातभर जागा नाही, उजाडायला अजून वेळ आहे. अशा वेळी १६ मिमी एफ २ वर, २५ फ्रेम, शटर पन्नासावा, चेहऱ्यावर ऑटोफोकस, आणि लेन्सच्या तोंडावर साधी काच चढवलेली. पालखी पुढे गेल्यावर ती काच काढायची, झटकायची, आधी फुंकणीने कुंकू उडवायचं. कापड मात्र तोपर्यंत लावायचं नाही.